काहील डोहावरचा रविवार

डोव्ही स्टिडमची वाचा फेब्रुवारीत गेली आणि गाणी तेवढी मागे राहिली.

सकाळची बिस्किटं करायला पीठ मळता मळता ती ओट्यापाशीच कोसळली. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तालुक्याच्या डॉक्टरने मुलाला समजावून सांगितलं, की बोलणं मेंदूच्या एका खोलीत राहतं आणि गाणं दुसऱ्या. तुमच्या आईची पहिली खोली बुजली, दुसरी शाबूत आहे. ऐकायला हे छान वाटतं. भोगायला नाही. मीठ हवं असलं की डोव्ही तोंड उघडी, ‘मीठ’ हा शब्द तिला जिभेच्या टोकावर स्वच्छ दिसत असे, आणि बाहेर पडे ते चर्चचं भजन, अख्खं, सुरात, एक अक्षर न चुकता. घरचे आधी हसले, मग रडले, मग त्यांना सवय झाली. चर्चमधल्या बायका म्हणत, “काय भाग्य गं बाई! सगळं गेलं, पण देवाचं नाव राहिलं.” त्या सगळ्या भजनांच्या बदल्यात डोव्हीने एक ‘मीठ’ आनंदाने घेतलं असतं. पण हे सांगायचं कुणाला आणि कशाने? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

घरामागच्या डोंगरातून ओढा उतरतो. दोन वळणं घेतल्यावर काळ्या कातळात त्याने एक डोह कोरलाय, गूळ कढवायच्या मोठ्या कढईसारखा गोल आणि गुळगुळीत कडांचा, म्हणून त्याचं नाव काहील. स्टिडमांच्या पोरांना पोहायला कुणी शिकवत नाही. ती काहिलीत पडतात आणि वर येतात.

या डोहाचा कारभार चाळीस वर्षं डोव्हीकडे होता. पाण्यात कोण जाणार, कधी, कुठून, हे ती ठरवी. पुरानंतर डोहाचा तळ बदलतो. गेल्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होतं, तिथे यंदा ओंडका अडकून बसलेला असतो. म्हणून आधी लांब काठीने तळ चाचपायचा, मगच उडी. उडी पायांवर, डोक्यावर नाही. पडत्या पाण्याच्या खाली शिरायचं नाही. आणि या सगळ्याच्या आधी, पाण्याला अगदी लागून एक पांढरा दगड ठेवायचा. दगड कोरडा आहे तोवर खेळा. दगड ओला झाला की बाहेर. का, कशाला, आत्ताच तर आलो, काही ऐकून घ्यायची नाही ती. बाहेर म्हणजे बाहेर.

डोक्यावर आभाळ निळं असतानाही ओढा मारतो, हे तिने लहानपणी बघितलं होतं. वरच्या वस्तीतली गाय खुंट्यासकट काहिलीत येऊन पडली होती, आणि इकडे वाळत घातलेल्या चादरींवर लख्ख ऊन होतं. आता तर डोंगराचं डोकंच कोळशासाठी छाटून टाकलेलं. वर झाडं नाहीत, पाऊस अडायला जागा नाही. पूर्वी वर पडलेला पाऊस जेवणं उरकेपर्यंत खाली येई, आता ताटं मांडेपर्यंत येतो. पोरं तिला ‘काहिलीची शेरीफ’ म्हणत. म्हणोत बापडी. तिच्या कारभारात काहिलीने एकही पोर घेतलं नव्हतं.

यात एक गोची झाली होती, आणि ती डोव्हीच्या चोखपणामुळेच झाली होती. ती नजर ठेवायची म्हणून दुसऱ्या कुणाला ठेवावी लागली नाही. दगड ठेवणं हा घरातल्या सगळ्यात लहान पोराचा मान झाला. त्यावर प्रार्थना होऊ लागली, फोटो निघू लागले. दगड कशासाठी असं विचारलं असतं, तर निम्म्या जणांनी ‘पूर्वजांच्या आठवणीसाठी’ असंच सांगितलं असतं. डोव्ही सोडली तर त्या दगडाकडे ठेवल्यानंतर कुणी परत बघत नसे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गोत काहिलीवर जमलं. दरवर्षी जमतं. डोव्हीच्या मुलाने, रॉयसने, तिला गाडीतून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवलं. रॉयस म्हणजे दारातून वाकून शिरावं लागेल असा गडी, पण आईला उचलताना अंडी उचलल्यासारखा उचलायचा.

“आई, आज तू नुसती बसायचंस. चाळीस वर्षं राबलीस, आता आम्ही बघतो.”

डोव्हीची जागा वरच्या वळणावरच्या खडकावर होती, जिथून ओढा येताना दिसतो. तिने डावा हात तिकडे केला.

“तिकडे नको, तिकडे ऊन आहे,” रॉयस म्हणाला. त्याने तिला डोहाच्या खालच्या तोंडाशी आणलं. तिथे पाणी घोट्याएवढं पसरतं, आणि त्याच्यापर्यंत कातळाचा एक सरळ उतार जातो. उताराच्या माथ्यावर सिकॅमोरच्या झाडाची दाट सावली होती. त्याने खुर्चीचं तोंड डोहाकडे केलं, दोन्ही चाकांचे ब्रेक खट्‌खट्‌ दाबले, खुर्ची हलवून बघितली. “बघ, इथून सगळी पोरं दिसतात.”

पोरं दिसत होती. ओढा दिसत नव्हता.

मग दगडाचा सोहळा झाला. आजवर तो मान रॉयसच्या धाकट्या मेसीचा होता, पण ती आठ वर्षांची झाली होती आणि तिच्याहून लहान कोडी आता दगड उचलण्याएवढा झाला होता, म्हणून मान त्याच्याकडे गेला आणि मेसी फुगून बसली. कोडी म्हणजे डेन्झिलचा नातू. डेन्झिल हा डोव्हीचा पुतण्या आणि चर्चचा उपदेशक, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. कोडीने दोन्ही हातांनी दगड उचलून पाण्याच्या कडेला ठेवला. डेन्झिलने टोपी काढून प्रार्थना म्हटली. प्रार्थना एवढी लांबली की कोंबडीवर माशा बसल्या.

“आमेन म्हण रे डेन्झिल, पोरं वाळली!” कुणीतरी ओरडलं.

“तुझ्यासाठी एक मिनिट जास्त मागत होतो, तुला गरज आहे,” डेन्झिल म्हणाला आणि सगळे हसले. रॉयसने लांब काठी घेऊन डोहात दोनदा खुपसली. एकदा इथे, एकदा तिथे, देवाला पाणी शिंपडावं तसं. “झालं गं आई, बघितला तळ!” म्हणून काठी टाकून तो ताटाकडे गेला.

पोरं पाण्यात पडली. डोहाच्या मधोमध एक सपाट खडक पाण्याबाहेर असतो, त्याला टेबल म्हणतात. तिथवर पोहत जावं लागतं. मेसीने रुसवा सोडला, कोडीला पाठीवर घेतलं आणि ती टेबलवर जाऊन बसली. कोडीला अजून नीट पोहता येत नव्हतं. डोव्हीला हे माहीत होतं. बाकीच्यांनाही होतंच, पण त्यांच्यासमोर मक्याचा पाव होता, घेवड्याची आमटी होती, केळ्याचं पुडिंग होतं.

सून ग्लेना डोव्हीच्या शेजारी बसून तिला चमच्याने पुडिंग भरवत होती. ग्लेना मनाने लोण्यासारखी. सासूचं सगळं करायची, कधी कपाळाला आठी नाही, आणि पोरांसारखीच तिला मामॉ, म्हणजे आजी, म्हणायची. “मामॉ, आणखी घ्या ना. साखर थोडी जास्त झाली का हो?”

तेवढ्यात डोंगरापलीकडे काहीतरी घरघरलं.

“कोळशाचा ट्रक असेल,” रॉयस म्हणाला.

“रविवारचा?” डेन्झिल म्हणाला. “नास्तिक असेल मग.” पुन्हा हशा.

डोक्यावर आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. डोव्हीने कान दिला. तिचा कान धड होता, डोळे धड होते, अक्कल तर सगळ्यात धड होती. पाण्याचा आवाज बदलला होता. इतका वेळ ओढा बडबडत होता, आता तो पुटपुटायला लागला. मग पानं आली. वाळकी नाहीत, हिरवी, ताजी तुटलेली, देठासकट. काठाजवळचे बारके मासे एकाएकी उथळ पाण्यात दाटीने आले. आणि वरच्या कपारीतून पाण्यात एक चहाचा रंग उतरला, बारीक, दोऱ्याएवढा.

तिने दगडाकडे बघितलं. दगडाची एक बाजू ओली होती.

‘बाहेर.’ शब्द समोर उभा होता. अख्खं आयुष्य तो तिने याच काठावर वापरला होता. चुलत्या-मावळ्यांच्या कितीतरी पोरांची तो ऐकून चड्डी ओली झाली होती. तिने श्वास घेतला, मान ताठ केली आणि सगळा जीव एकवटून तो शब्द फेकला.

“पल्याड उभा तो, हात करी...”

काठावरच्या सगळ्या माना वळल्या.

आता त्या खोऱ्यातली एक रीत सांगायला हवी, कारण तिनेच घात केला. तिथल्या चर्चमध्ये पेटी नाही की वाजंत्री नाही. एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, लांब, जड, चढणीवर ओझं ओढावं तशी ओढत न्यायची. उचललेली ओळ कुणी झेलली नाही असं तिथे घडत नाही. नांगर थांबतात, भांडणं थांबतात. चर्चमध्ये बाईने ओळ उचलायची पद्धत नाही, पण हे चर्च नव्हतं, आणि ही बाई फेब्रुवारीपासून चारचौघांत गायली नव्हती.

“अगं बाई,” ग्लेना म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मामॉ सगळ्यांसमोर गातायत!”

डेन्झिलने हातातलं कोंबडीचं तंगडं खाली ठेवलं, हात पुसले आणि ओळ झेलली. मग रॉयसने, मग सगळ्यांनी. “प... ल्या... ड उ... भा तो...” पुरुष उठून उभे राहिले, टोप्या काढल्या. बायकांनी डोळे मिटले. तीस-चाळीस गळ्यांचा तो आवाज कातळावर आपटून परत येऊ लागला, आणि ओढ्याचा आवाज त्याच्याखाली गडप झाला.

डोव्हीला वाटलं, आपणच त्यांचे कान बुजवले.

तिने डावा हात उचलून डोहाकडे केला. बोट दाखवलं, हात हलवला. बायकांनीही हात उचलले, तसेच हलवले. त्यांच्यात स्तुतीला हात वर करतात. डोव्हीने हात झटकन खाली घेतला. आता गप्प बसायचं, तिने ठरवलं, ओळच द्यायची नाही, मग थांबतील. ती ओठ घट्ट दाबून बसली. पहिली ओळ संपली. क्षणभर शांतता झाली, आणि त्या शांततेत ओढ्याची घरघर सरळ ऐकू आली. आता तरी कुणीतरी वर बघेल, आता तरी.

“ये माझ्या घरी, ये माझ्या घरी,” डेन्झिलने दुसरी ओळ उचलली. म्हातारी दमली असेल, आपण सांभाळून घ्यावं, अशा मायेने उचलली. आणि सगळ्यांनी ती झेलली.

दगड निम्मा पाण्यात होता.

तिने मांडीवरची पुडिंगची ताटली भिरकावली. ती कातळावर फुटली. ग्लेनाने डोळे उघडले, खाली वाकून काचा गोळा केल्या आणि गातगातच डोव्हीचं तोंड पुसलं. “राहू द्या हो मामॉ, हात थरथरतो, चालायचंच,” ती कानाशी कुजबुजली. डोव्हीने तिची बाही धरून ओढली, डोळे मोठे केले, दगडाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा दगडाकडे. माणसाच्या डोळ्यांत जेवढं मावतं तेवढं सगळं तिने डोळ्यांत भरलं. ग्लेनाने तिच्या कपाळाचा मुका घेतला. “रडा, रडून घ्या. रॉयसच्या बाबांची आठवण आली ना? त्यांचंच आवडतं भजन हे.”

टेबलवर मेसी उभी राहिली होती. चर्चमध्ये वळण लावलेली मुलगी ती, भजन सुरू झाल्यावर बसून कशी राहील? एक हात छातीवर, एका हातात कोडीचा हात, आणि आजीकडे बघत ती गात होती. ‘बघ मामॉ, मला पाठ आहे,’ असा तिचा चेहरा. पाणी तिच्या पावलांशी आलं होतं. डोहात बाकीची पोरं तरंगत गात होती.

दगड दिसेनासा झाला.

डोव्हीला आतून हंबरडा फुटला, तोसुद्धा सुरात आला. आयुष्यात पहिल्यांदा तिने देवाला शिवी घातली, मनातल्या मनात, आणि ती मात्र स्पष्ट शब्दांत घातली. सगळं दिलंस रे, नुसतं मला पोरांना ओरडू देत नाहीस. एवढं माणसांचं मोहळ भोवती, सगळी तिच्यावर जीव टाकणारी, आणि त्यातल्या एकालाही तिचं म्हणणं कळत नाही. जरा कमी प्रेम केलं असतं तर कुणीतरी नीट बघितलं असतं.

मग तिने उताराकडे बघितलं.

डावा ब्रेक हाताशी होता. तो तिने सहज सोडला. खुर्ची किंचित फिरली आणि अडली. उजवा ब्रेक मेलेल्या हाताच्या बाजूला. ती कमरेतून वाकली, डावा हात पोटावरून पलीकडे नेला, बोटं चाचपडत गेली. दांडा सापडला. घट्ट होता, रॉयसने मन लावून दाबला होता. ग्लेना मागे उभी राहून डोळे मिटून गात होती. डोव्हीने दात आवळले आणि दांडा ओढला. एकदा, पुन्हा एकदा.

खुर्ची निघाली. उतार मोठा नव्हता, पण कातळ गुळगुळीत होता. वारा तोंडावर आला, चाकं खडखडली, कुणीतरी किंचाळलं, आणि ती खुर्चीसकट उथळ पाण्यात तोंडावर आपटली. पाणी बर्फासारखं गार. हे वरचं पाणी, पावसाचं, तिने पाण्यात तोंड असतानाच ओळखलं. एक हात अंगाखाली अडकला होता, दुसरा कामाचा नव्हता. नाकातोंडात पाणी गेलं. या आता, ती म्हणत होती, या, सगळे या, पोरांनो, इकडे या.

“मामॉ!”

ती मेसीची हाक. भजन तुटलं. पोरं सगळ्यात जवळ होती, तीच आधी आली. मेसीने कोडीला पाठीवर घेऊन उडी टाकली आणि दात-ओठ खात हात मारत ती काठाला लागली. डोहातली बाकीची पोरं धबाधबा पाणी तुडवत आली. रॉयस उतारावरून घसरतच आला, त्याने आईला पाण्यातून उपसलं.

“आई! आई गं! डोकं बघा तिचं, रक्त येतंय!”

“इथे ठेवू नको, गाडीकडे ने!” ग्लेना ओरडली. “सरका पोरांनो, वाट द्या! नाही, पाण्यात नका जाऊ परत, टॉवेल आणा, पळा!”

सगळी वरात म्हातारीमागे चढून वर गेली, गाड्या लावल्या होत्या त्या माळावर. रॉयसच्या खांद्यावरून डोव्ही मागे बघत होती. मेसी आली. कोडी आला. पोरांतला तो लालकेश्या आला. जुळ्या बहिणी आल्या. सगळ्यात मागे डेन्झिल खुर्ची आणायला म्हणून परत उतरला, गुडघाभर पाण्यात शिरला आणि त्याने वर वळणाकडे बघितलं. मग हा एवढा पोटाचा माणूस पोरासारखा पळत सुटला.

पाणी आलं. भिंत वगैरे काही नव्हतं, एक तपकिरी गठ्ठा आला, त्यात झाडं होती, एक निळं पिंप होतं, कुणाच्या तरी कुंपणाची तार होती. टेबल गेलं. टेबलच्या वरून झाड गेलं. जेवणाची पानं, पेट्या, चपला, खुर्ची, सगळं एका घासात गेलं. ग्लेनाने मेसीला पोटाशी असं धरलं होतं, की पोरगी म्हणाली, “आई, दुखतंय.”

डोव्हीच्या कपाळाला टाके पडले आणि डाव्या बरगडीला चीर गेली. तिला त्याचं काही नव्हतं. दवाखान्यातून घरी येताना ती गाडीत चक्क हसत होती, आणि रॉयस गाडी चालवताना रडत होता.

“माझाच हलगर्जीपणा. ब्रेक मीच लावला ना? बघून लावला होता गं आई, देवाशपथ. सुटला कसा?”

मी सोडला, बाळा. दोन्ही सोडले. डोव्हीने सांगितलं, आणि गाडीत दोन कडव्यांचं भजन झालं.

पुढच्या रविवारी डेन्झिलने चर्चमध्ये त्यावर उपदेश केला. असा उपदेश त्याला आयुष्यात साधला नव्हता. आम्ही भजनात दंग होतो, तो म्हणाला, आम्हाला काही दिसत नव्हतं. पण वरचा बघत होता! त्याने आपलं एक बोट खाली घातलं आणि त्या खुर्चीचा ब्रेक सैल केला. एका म्हाताऱ्या, पांगळ्या, काही न कळणाऱ्या जिवाला त्याने पाण्यात ढकललं आणि आपली सगळी लेकरं बाहेर काढली. देव तारी त्याला कोण मारी! लोक हुंदके देत होते. पहिल्या बाकाशेजारी, चर्चने उसनी दिलेल्या खुर्चीत, तो काही न कळणारा जीव बसला होता आणि त्याचं डोकं संतापाने ठणकत होतं.

देवाला श्रेय मिळाल्याचं तिला वाईट नव्हतं. त्याला काय, आयतंच मिळतं नेहमी. तिला भीती वेगळीच होती. बाहेर पडल्यावर लोक म्हणत होते, “काहिलीवर त्याची नजर आहे बघ. आता कसली भीती?” दगड ओला होतो, पानं येतात, रंग बदलतो, यातलं कुणी काही बोलत नव्हतं. बोटच खाली येणार असेल तर दगडाकडे कोण बघतो?

म्हणून तिने मेसीला गाठलं. पोरगी हुशार होती आणि अजून मोठी झाली नव्हती, एवढीच काय ती आशा. दुपारी ओसरीवर दोघीच असताना डोव्हीने तिचा हात धरून तिला समोर बसवलं. मग डावा ब्रेक धरला, सोडला, मेसीकडे बघितलं. लावला. पोटावरून हात पलीकडे नेऊन उजवा धरला, सोडला, मेसीकडे बघितलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ओढ्याकडे बोट केलं. पुन्हा ब्रेक. सोडला, छाती, ओढा. बरगडी कळवळत होती, तरी तिने ते परत परत केलं.

मेसी कपाळाला आठ्या घालून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि डोव्ही खुर्चीत पुढे झुकली.

“बाबा!” मेसी उठून आत पळाली. “बाबा, मामॉला ब्रेक सोडता येतो! दोन्ही! मी बघितलं!”

रॉयस दारात आला. “दाखव, आई.”

डोव्हीने दाखवलं. हसत दाखवलं. दोन्ही सोडले आणि छातीवर हात ठेवला.

रॉयसचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे हिनेच. ग्लेना, ऐकलंस का? ब्रेक बरोबर होता. ही बसल्या बसल्या त्याच्याशी खेळत होती. अगं, घरात, जिन्यापाशी, कुठेही खेळेल ही! काय करून बसली असती!” ग्लेना पदराने डोळे पुसावेत तशी एप्रनने डोळे पुसत आली आणि डोव्हीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. “तुम्हाला कळत नाही हो मामॉ. तुमचा काय दोष!”

डोव्ही खूप काही बोलली. सगळं सुरात होतं.

रॉयस चांगला मुलगा, दिरंगाई करणारा नाही. दोन दिवसांत त्याने नवी खुर्ची आणली. तिचे ब्रेक मागे होते, ढकलणाऱ्याच्या हाताशी. बसणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. वर त्याने कमरेला पट्टाही लावून घेतला, मऊ, आतून लोकर शिवलेला, आईला बोचू नये म्हणून.

ओढा उतरला, पाणी निवळलं. उपदेशानंतरच्या रविवारी चर्च सुटल्यावर पोरांनी काहिलीचा धोशा लावला आणि मोठ्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. जेवण गाडीत चढलं. आईला न्यायचं नाही हे ठरलेलंच होतं. शेजारची म्हातारी बेउला सोबतीला येऊन विणकाम घेऊन बसली. ओसरीवरून डोंगराचं छाटलेलं डोकं दिसतं. त्याच्या मागे काळं काही होतं की नुसतीच सावली, हे डोव्हीला तिथून कळत नव्हतं. वळणावरच्या खडकावरून कळलं असतं.

मेसी टॉवेल गळ्यात टाकून निरोपाला धावत आली. “मामॉ, तू काळजी नको करू. आता तू पडणार नाहीस, बाबांनी पट्टा लावलाय.” ती वाकली, गालाचा मुका घेतला.

डोव्हीने तिचं मनगट धरलं.

“मामॉ, सोड ना. सगळे थांबलेत.”

डोव्हीने सोडलं नाही. या वेळी तिने तोंडच उघडलं नाही. ओठ मिटून, पोरीच्या डोळ्यांत बघत, तिने उरलासुरला सगळा जोर त्या पाच बोटांत आणला.

“मामॉ, दुखतंय! बाबा!”

गाडीचा दरवाजा वाजला. रॉयस आला, आईसमोर गुडघ्यावर बसला. “असं काय करतेस आई? लेकरू आहे ते. लगेच येतो आम्ही परत.” आणि त्याने तिची बोटं सोडवायला घेतली, करंगळीपासून, एकेक, अगदी हळू, कुठलंही दुखू नये म्हणून. शेवटचा अंगठा सुटला तेव्हा त्याने तो हात तिच्या मांडीवर नीट ठेवला आणि वर थोपटलं.

मेसी मनगट चोळत गाडीकडे पळाली.